छाती साफ

आमच्या पद्मावतीवहिनीने आयुष्यात कुणावर विश्वास ठेवला असेल तर तो स्वतःच्या नाकावर. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत दारात आला की ती पाव घेणार, त्यातला एक मधोमध फोडणार, हुंगणार आणि मगच बाकीचे टोपलीत टाकणार. ह्या पोदेराचा बाप पाव घालत होता तेव्हापासून हे चाललंय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला तिच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. बांगड्याचे कल्ले उचलून बघेल, मिरची मोडून वास घेईल, नारळ कानाशी धरून हलवेल आणि एवढं करून शेवटी तोंड वाकडं करून पुढे जाईल. गिरणीत पीठ पडेपर्यंत ती तोंडाशी उभी. आपल्या तांदळात दुसऱ्या कुणाचे मिसळले तर?

मी तिची धाकटी जाऊ, देवकी. साखळीच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण माझ्या हातचा चहासुद्धा ती पहिला घोट जिभेवर धरून, विचार करून गिळते. मला राग येई आणि अजूनही येतो. पण हा संशय ती माहेराहून घेऊन आली नव्हती. तो तिला खाणीने दिला.

माझे थोरले दीर सखारामभावोजी दोडामार्गाकडून डिचोलीच्या खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. त्यांचे सदरे मी शिवत असे. पांढरं कापड आणणं आम्ही केव्हाच सोडलं होतं, कारण कुठलाही रंग असो, चार धुण्यांत तो खाणीचाच व्हायचा. नाक शिंकरलं तरी रुमाल तांबडा. वर्षाला एकदा कंपनीचा डॉक्टर यायचा. माणसं रांगेत उभी करायचा, सदऱ्यावरूनच नळी टेकवायचा आणि नळी उचलायच्या आधीच म्हणायचा, "छाती साफ." की पुढचा. भावोजी घरी येऊन तेच सांगायचे, खोकत खोकत.

त्यांना आडवं झोपता येईना तेव्हाही त्या डॉक्टरच्या मते छाती साफच होती. शेवटचे दिवस त्यांनी खिडकीचे गज धरून बसून काढले. एका दुपारी त्यांचे डोळे फिरल्यासारखे दिसले म्हणून वहिनी तोंडात घालायला तीर्थ आणि तुळशीचं पान आणायला आत धावली. पळी घेऊन बाहेर आली तर गजांवरचे हात सुटले होते. पाणी तिने घातलं, पण ते गालावरून बाहेर आलं. जाणाऱ्याला पाणी द्यायचं ते श्वास आहे तोवर. ते चुकलं, आणि ते तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

तेव्हापासून 'छाती साफ' ही आमच्या घरातली म्हण झाली. दूधवाला म्हणाला, दुधात पाणी नाही, की वहिनी म्हणणार, "होय तर, छाती साफ." मतं मागायला कोणी हात जोडून आलं की त्याच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत, "छाती साफ." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. वहिनी पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

तिच्या ह्या संशयाचा सगळ्यात जास्त जाच झाला तो तिच्या एकुलत्या एक मुलाला, शिवदासला. खाणीच्या दिशेने पाऊल टाकायचं नाही, ही पहिली अट. आणि घरात शिरताना दारातच तोंड पुढे करायचं. वहिनी वास घ्यायची. विडी नाही, सिगारेट नाही, अशी खात्री झाली की मग आत प्रवेश. मुलगा माझ्याहून उंच झाला, मिशा आल्या, तरी उंबऱ्यावर वाकून आईपुढे 'हा' करायचा. मला म्हणायचा, "काकी, विमानतळार लोकांची बॅग तपासतत, हयसर माजा तोंड तपासतत." पेडण्यातल्या मोपाच्या विमानतळावर त्याला सामान चढवायची नोकरी लागली होती. वहिनी खूश होती. म्हणाली, "थयसर सगळ्यांकच तपासतत. बरा आसा."

पावसाळा नुकताच सरला होता. शिवदास कामावर जात होता. धारगळच्या पुढे रस्त्यावर गुरं बसली होती. स्कूटर त्यांच्यावर जाऊ नये म्हणून त्याने वळवली आणि तो डोक्यावर पडला. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. लोकांनी मोठ्या इस्पितळात पोचवलं. आम्ही गेलो तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता. तोंडात नळी, डोक्याला पट्टी, आणि छाती मात्र व्यवस्थित वरखाली होत होती. अंगावर म्हणाल तर ओरखडासुद्धा नाही.

दोन दिवस डॉक्टर 'बघूया' म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी डॉ. तुयेकर बाहेर आले. पेडण्याकडचेच, पन्नाशीचे, झोप न झालेल्या डोळ्यांचे. म्हणाले, मेंदूचं काम थांबलंय असं दिसतंय, कायद्याप्रमाणे चाचण्या करतो, दोनदा करतो, मगच नक्की सांगतो.

"थांबला म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे तो गेला, असं."

"गेलो? आणि छाती हलता ती कोणाची?"

"यंत्र हलवतंय, आई."

वहिनी माझ्याकडे वळली. तिच्या मनात पाल चुकचुकलेली मला दिसली, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात चुकचुकली. मेलेल्या माणसाचं अंग गरम असतं का? लघवीची पिशवी भरते का? आमच्याकडे माणूस गेला की थंड पडतो, पाय बांधावे लागतात. हे कसलं मरण?

"माका बगूचा आसा," वहिनी म्हणाली. "यंत्र काडा आणि माका दाकवा."

मला वाटलं, डॉक्टर खेकसतील. ते म्हणाले, "चाचणी तीच आहे. तुम्ही उभ्या राहा."

आत गेल्यावर वहिनीने पहिली गोष्ट काय सांगितली असेल? "तेच्या छातीवरचा कापड काडा. वरसून नको." सिस्टरने डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी मान हलवली. चादर, झगा, सगळं खाली केलं. मग त्यांनी यंत्र थांबवलं. नळीतून नुसता प्राणवायू जात राहिला, पण श्वास घ्यायचा तर शिवदासलाच घ्यावा लागणार होता. वहिनीने त्याच्या उघड्या छातीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मी काचेच्या बाहेरून बघत होते. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. कितीतरी वेळ तो हात तसाच राहिला. तो जरासुद्धा उचलला गेला नाही.

संध्याकाळच्या आत दुसरी चाचणी झाली, डॉक्टर तेच नाहीत हे तिने नीट बघून घेतलं, आणि दुसऱ्या वेळीही ती हात ठेवून उभी राहिली. बाहेर येऊन बाकावर बसली.

"तेच्या बापाशीची छाती श्वास मागत होती गो देवकी," ती म्हणाली. "सगळी वरसा मागत होती. ह्येची मागणाच नाय."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी रडत होते, ती माझी पाठ चोळत होती.

मग एक समुपदेशक बाई आल्या. मऊ बोलत होत्या, आणि मऊ बोलणाऱ्या माणसाइतका वहिनीला दुसऱ्या कुणाचा संशय नाही. अवयवदानाचं सांगू लागल्या. मूत्रपिंडं, यकृत, डोळे. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि फुफ्फुसा?"

बाई अडखळल्या. "ती देता येतात, पण बऱ्याचदा टिकत नाहीत."

"कित्याक टिकनत नाय? तेका विडीचो वास नाय. रोज बगलंय मी."

बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. डॉ. तुयेकर स्वतः येऊन बाकावर आमच्या शेजारी बसले. "खरं सांगायचं तर बऱ्याचदा ती आम्हीच घालवायचो," ते म्हणाले. "पूर्वी असं निदान झालं की यंत्र आहे तसं चालू ठेवायचं. मोठेमोठे श्वास, भरपूर सलाईन, माणूस पाठीवर सपाट. त्याने मूत्रपिंडं राहायची आणि फुफ्फुसं पाण्याने भरायची. बाकीचे अवयव आत बंद असतात. फुफ्फुसाला बाहेरची वाट उघडी. तोंडातलं, घशातलं, जे उतरेल ते तिथेच जातं. आता आम्ही श्वास लहान देतो, पण फुफ्फुस मिटू देत नाही. डोकं उंच ठेवतो, कुशी बदलतो, कफ काढतो, सलाईन मोजून देतो. गेलेल्या माणसाची सेवाच म्हणा ना."

"आणि घेणारो कोण?"

"ते मला सांगता येत नाही. पण फुफ्फुस मिळायची वेळ येते तोवर त्या माणसाला आडवं झोपता येत नसतं."

वहिनी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. तिला तिथे कुठली खिडकी दिसत असेल ते मला कळत होतं. मग म्हणाली, "सही करतंय. पण नेयसर मी तेच्याकडेच बसतलंय." बसणार म्हणजे गिरणीच्या तोंडाशी उभी राहायची तशीच.

सही केली म्हणजे संशय गेला असं कुणी समजू नये. उलट आता त्याला दात आले. भाग्यलक्ष्मी नावाची एक सिस्टर होती, मांद्र्याची, अंगाने बारीक पण हाताला जोर. ती तासातासाने यायची, बारीक नळीने कफ ओढायची, दात आणि जीभ पुसायची, आणि दुसरीच्या मदतीने त्याला कुशीवर वळवायची. आणि प्रत्येक वेळी त्याच्याशी बोलायची. "शिवदासा, आता डाव्या कुशीर घालतंय हां, बाबा."

वहिनीने बाहेर येऊन माझ्या कानात सांगितलं, "बगलंस? जितो होतो तेव्हा इतक्या करी नव्हते. मेल्यार सेवा वाडली. आणि मेललो जर आसा, तर ही बोलता कोणाकडे?"

मग तिने थेट सिस्टरलाच विचारलं. भाग्यलक्ष्मी नळी धुता धुता म्हणाली, "आदी डोक्याची काळजी होती आये, तेव्हा मेंदवाक जपी होतंव. आता छातयेक जपतंव. आणि तो ऐकता म्हणान बोलणंय नाय. मी माणसाक हात लायतंय, बोचक्याक नाय, म्हणान बोलतंय."

वहिनीने मान हलवली. पण पटलं असेल असं मला वाटलं नाही, आणि ते बरोबरच निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी जाऊन आंघोळ करून आली, तेव्हा कमरेशी काहीतरी खोचलेलं होतं. मी विचारलं, "काय ता?" म्हणाली, "सुपारी." ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई नव्हे ती. माझ्यापासून लपवलं म्हणजे मोठंच काहीतरी असणार.

दुपारी भाग्यलक्ष्मी शेजारच्या खाटेकडे पडद्याआड गेली. मी काचेबाहेर होते. वहिनी उठली आणि मुलावर वाकली. मला वाटलं, पापा घेतेय, आणि मी मान वळवली. पुन्हा बघितलं तेव्हा तिच्या हातातली तांब्याची पळी पदरात चालली होती.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सैल दिसला. "तीर्थ घातलंय," ती म्हणाली. "नार्व्याच्या अष्टमीक मी सोता भरललंय, ता. तुळशीचा पान पण. आता नेऊ देत. उद्या थय आत कोण तेच्या तोंडात पाणी घालतलो? डॉक्टर? श्वास आसा तवसर घालूक व्हया."

"वयनी, तो श्वास यंत्राचो!"

"कोणाचो का असना. बापाशीचा चुकला, ह्येचा चुकूक दिलंय नाय."

मी तिला काय बोलणार होते? मला तर आधी तिचं बरोबरच वाटलं. मग डॉक्टरांचं कालचं बोलणं आठवलं, ती बाहेरची उघडी वाट.

थोड्याच वेळात आत घंटा वाजू लागली. भाग्यलक्ष्मी धावली, मग डॉ. तुयेकर. रक्तातला प्राणवायू खाली आला होता. नळ्या बघितल्या, यंत्र बघितलं, छातीला नळी लावून ऐकलं. भाग्यलक्ष्मी बाहेर आली आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघून विचारलं, "कोणी काय दिलंत तेका? तोंडात काय घातलंत?" दोन दिवस आम्ही तिच्याकडे ज्या नजरेने बघत होतो, ती नजर आता तिची होती.

मी तोंड उघडणार तोच वहिनीने माझं मनगट दाबलं. तिला भीती कसली, हे मला तिच्याकडे न बघताही समजलं. सांगितलं तर हे म्हणतील, आईनेच घालवलं. सगळं सोडून देतील. आणि घरी पोराला नेताना तिला जन्मभर पुरेल असं आणखी एक ओझं बरोबर न्यावं लागेल. नाही सांगितलं, तर कफ म्हणून खपून जाईल. कोण विचारतंय?

डॉ. तुयेकर दारात येऊन फोनवर बोलू लागले. फुफ्फुसं न्यायला दुसऱ्या शहरातून येणारे डॉक्टर पलीकडे होते. "आता जरा खाली आलंय," ते म्हणाले, "कारण शोधतोय. सकाळचा फोटो पाठवलाय तुम्हाला. त्यात छाती साफ आहे."

माझ्या मनगटावरची बोटं सुटली.

वहिनी उठली. तिचा आवाज सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेला. "साफ नाय."

डॉक्टर वळले.

"दाक्तरांनू, साफ नाय ती छाती. मी तीर्थ घातलंय तेच्या तोंडात. सांगा तेंका. सकाळचा सांगा नको, आताचा सांगा."

मला वाटलं, आता हा माणूस फोनवर हात ठेवील, बाजूला जाईल, आणि पलीकडच्यांना काहीतरी सारवासारव करून सांगेल. मी असते तर तेच केलं असतं. त्यांनी फोन तसाच कानाला धरून, आमच्यासमोर, आम्हाला कळेल अशा मराठीत सांगितलं, "कारण मिळालं. आईने तोंडात तीर्थ घातलंय. हो, हो. विचारतो." मग वहिनीला, "किती?"

"दोन पळये."

"कुठलं पाणी?"

"नार्व्याचा. न्हयचा."

"नदीचं," त्यांनी फोनवर सांगितलं. "तुम्ही बघा आणि ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर मला हे माहीत असायला हवं असतं."

फोन ठेवून ते आत गेले. त्यांच्या पाठीकडे बघत वहिनी मला म्हणाली, "खरा बोललो." इतक्या वर्षांत हे प्रमाणपत्र मी तिच्या तोंडून कुणासाठीच ऐकलं नव्हतं.

मग जे झालं ते धावपळीचं होतं. कॅमेऱ्याची बारीक दुर्बीण नळीतून फुफ्फुसात घातली. वहिनीने बघायला मागितलं आणि डॉक्टरांनी तिला पडद्याशी उभी केली, मला दारातून बघू दिलं. आत गुलाबी, ओली वाट होती. एकीच्या दोन होत होत्या, दोहोंच्या चार. वहिनी पडद्याला नाक लागेल इतकी पुढे गेली.

"धूळ नाय?"

"धूळ नाही," डॉक्टर म्हणाले. "हे इतकं स्वच्छ आम्हाला क्वचितच बघायला मिळतं."

तिने एक मोठा श्वास सोडला. मग डॉक्टरांनी दुर्बीण उजवीकडे वळवली. तिथे पाणी चमकत होतं आणि भिंती लालबुंद झाल्या होत्या. ते ओढून घेतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा ओढलं. फुफ्फुस उघडावं म्हणून यंत्राचा दाब वाढवून धरला, मग हळूहळू उतरवला, उजवी बाजू वर येईल असं त्याला कुशीवर घातलं, आणि रक्त तपासायला पाठवलं.

तुळशीचं पान घशातच अडकलं होतं. भाग्यलक्ष्मीने ते चिमट्याने काढलं. मला वाटलं, कचऱ्यात टाकील, आणि तिला राग आला असता तर मी तिला दोष दिला नसता. तिने ते कापसावर ठेवून वहिनीच्या हातात दिलं. "ओठ भिजवूक मीच दिलंय असतंय आये," ती म्हणाली. "विचारूक होया होता माका." मग तिने कापसाचा बोळा वहिनीकडच्या उरलेल्या तीर्थात बुडवून, घट्ट पिळून वहिनीकडे दिला. वहिनीने शिवदासचे ओठ ओले केले, एकदा वरचा, एकदा खालचा. थेंबसुद्धा आत गेला नाही, आणि तरी पाणी पोचलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरातली ती डॉक्टर मंडळी आली, त्यांनी स्वतः सगळं पुन्हा तपासलं. उजवं फुफ्फुस नको म्हणाले. डावं घेतलं. शिवदास ज्या विमानतळावर लोकांच्या बॅगा चढवायचा, तिथूनच त्या फुफ्फुसाचा डबा गेला.

शिवदासला आम्ही साखळीला आणलं आणि रीतीप्रमाणे पोचवलं. चितेपाशीही वहिनी रडली नाही. नुसतं म्हणाली, "एक मी घालवलंय." मी म्हटलं, "एक तू वाचवलंस गो." तिने ते कानाआड केलं.

गावाने काय म्हणायचं ते म्हटलं. बाराव्याला आलेल्या एकीने माझ्याच ओसरीवर बसून विचारलं, "फुकट कसा कोण देयत? कायतरी मिळालाच आसतला." मी तिला चहाशिवाय वाटेला लावली, आणि माझी ओसरी अजून तिच्यावाचून ठीक चालली आहे. वहिनी मात्र रागावली नाही. "इचारूक देत," म्हणाली, "मी आसतंय तर मी पण इचारलंय असतंय."

पुढे इस्पितळाने अशा कुटुंबांचा सत्कार ठेवला, शाल आणि नारळ. वहिनी गेली नाही. "शाल घालतत म्हणजे कायतरी झाकतत." पण शेजारपाजारी कुणाचं माणूस असं यंत्रावर असल्याचं कळलं की ती न बोलावता जाते. आपल्या पळीची गोष्ट सांगते, आणि पाणी कसं द्यायचं ते दाखवते. बोळा पिळून, सिस्टरला विचारून. लोकांना ते विचित्र वाटतं. मलाही वाटतं. पण मी तिच्याबरोबर जाते.

वर्ष भरायच्या सुमारास एका सकाळी ती माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. "चल," म्हणाली, "दाक्तराक इचारूचा आसा." बसने गेलो. डॉ. तुयेकरांनी आम्हाला ओळखलं, खुर्च्या दिल्या.

"ता डावा," वहिनी म्हणाली. "चालता मां?"

"चालतंय. कोण ते सांगता येत नाही, पण त्या माणसाला आता आडवं झोपता येतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"सांगितल्यानी." वहिनीने तो शब्द बांगड्यासारखा उचलून बघितला. "छाती तपासतत तेची?"

"हो, नेहमी."

"सदऱ्यावरसून काय सदरो काडून?"

मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. डॉक्टरही हसले नाहीत. त्यांना त्या खाणीवरच्या डॉक्टरचं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी ते म्हणाले, "मला माहीत नाही. विचारून सांगतो." आणि माझा मोबाईल नंबर लिहून घेतला.

साखळीला बसमधून उतरताना वहिनी म्हणाली, "इचारचो नाय तो. छाती साफ."

चार दिवसांनी, दुपार कलताना, माझा फोन वाजला. मी ऐकलं, शिलाई अर्धी सोडली, दुकानाला कुलूप लावलं आणि घराकडे निघाले, जवळजवळ धावतच. संध्याकाळचा पोदेर दारात उभा होता. वहिनीच्या हातात पाव होता आणि ती तो फोडायच्या बेतात होती.

"वयनी," मी म्हटलं, "सदरो काडून. दर खेपेस."

ती उंबऱ्यावर बसली. शिवदास जिथे वाकून तोंड पुढे करायचा, तिथेच. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला आणि मग ती अशी रडली की शेजारची माणसं बाहेर आली. पाव मुठीत तसाच होता, न फोडलेला.

पोदेर बिचारा घाबरून गेला. सायकल स्टँडवर टाकून तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "शपथ, मावशे, पाव ताजो आसा."